फौजेनंतरची नोकरी : नशीब किती, मेहनत किती

अपशिंगे मिलिटरीसारख्या साताऱ्यातील गावात एखाद्या माजी सैनिकाला चांगली नोकरी लागली, की पारावर ‘नशीब काढलं’ म्हणतात; त्याने पहाटे उठून सोडवलेल्या प्रश्नपत्रिका कुणाला दिसत नाहीत. जागा कधी निघेल हा नशिबाचा भाग खरा, पण त्या दिवशी कागद तयार असणे आपल्या हाती असते. म्हणून निवृत्तीला वर्ष उरले असतानाच अभ्यास सुरू करावा आणि घरी परतताच डिस्चार्ज बुक (फौजेतून सुटताना मिळणारे सेवेच्या नोंदींचे पुस्तक) घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नोंदणी करावी. या बुकातील नाव व जन्मतारीख आधार कार्डाशी जुळते का, हे आधी पाहावे. आडनावातले एक जादा अक्षरही पुढे घोळ घालते. राज्याच्या गट क व ड पदांत माजी सैनिकांना १५ टक्के समांतर आरक्षण (प्रत्येक सामाजिक प्रवर्गाच्या आतच मिळणारे) आहे, मात्र गुण स्वतःलाच मिळवावे लागतात.