लुकलुकणारी खिशातली टॉर्च

रस्त्यावरच्या गाडीवर मिळते तसली टॉर्च. अ‍ॅल्युमिनियमची नळी, आत तीन ट्रिपल-ए सेलचा प्लास्टिक साचा. उजेड झकास, पण तळहातावर आपटली की लुकलुकायची. नवे सेल घालूनही फरक शून्य.

मग मागचं झाकणच काढलं. साच्याचं मागचं टोक आणि नळीची उघडी कड वायरीच्या तुकड्याने जोडली. दिवा लख्ख, कितीही हलवा! म्हणजे एलईडी आणि सेल ठीक, दोष झाकणाकडचा. आत बटण धरून ठेवणारी चकती सैल झाली होती. तिच्यावर दोन बारीक भोकं असतात. त्यांत चिमट्याची टोकं घालून घट्ट फिरवली. शिवाय नळीच्या कडेवर काळा रंग. वीज परत जाते ती नळीतूनच, मग रंग आडवा येणारच. पॉलिश पेपरने कड चकचकीत केली, स्प्रिंग जराशी ओढली.

नंतर मुद्दाम कमरेच्या उंचीवरून फरशीवर टाकली. पोचा आला, उजेड हलला नाही. पाण्याचं मात्र बोलू नका, झाकणाची रबरी रिंग नावापुरतीच आहे. पावसात टॉर्च पिशवीतच ठेवतो, आणि बरेच दिवस लागणार नसेल तर सेल बाहेर काढून.