दख्खनच्या बेसाल्टची आकडेवारी जिओरॉकवरून कशी घ्यावी

सह्याद्रीतल्या बेसाल्टची रासायनिक विश्लेषणे वर्षानुवर्षे शोधनिबंधांच्या तक्त्यांत विखुरलेली होती. त्यांतली बरीचशी आता 'जिओरॉक' या खुल्या माहितीसाठ्यात एकत्र आणि मोफत मिळतात. माइन्झच्या माक्स प्लांक संस्थेत सुरू झालेला हा साठा सध्या ग्योटिंगन विद्यापीठ सांभाळते. भूशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याने तो वापरायला शिकावे, असे मला मनापासून वाटते.

आधी तयार फायलींतल्या 'कॉन्टिनेंटल फ्लड बेसाल्ट' या गटातून डेक्कनची सीएसव्ही फाइल (एक्सेलमध्ये उघडणारा साधा तक्ता) उतरवून घ्या. लगेच आलेख काढू नका. 'मटेरियल' या रकान्यात नमुना संपूर्ण खडकाचा आहे, ज्वालामुखी काचेचा की एखाद्या खनिजाचा, ते दिलेले असते. तुलनेसाठी फक्त संपूर्ण खडक ठेवा.

मग अक्षांश-रेखांश पाहा. किमान आणि कमाल असे दोन-दोन रकाने असतात. दोन्हींत बराच फरक असेल, तर नमुन्याची नेमकी जागा कळत नाही. नकाशासाठी अशी ओळ वापरू नये.

खरी मेहनत लोहाची. कुणी ते फेरस ऑक्साइड म्हणून देतो, कुणी फेरिक, कुणी दोन्ही वेगवेगळे. सगळे एका रूपात आणा: फेरिक ऑक्साइडला 0.8998 ने गुणले की फेरस मिळते. हे न करता काढलेला आलेख सरळ चुकतो. आपल्या बेसाल्टच्या पोकळ्यांत झिओलाइट हे पाणी धरून ठेवणारे खनिज भरपूर, म्हणून तापवल्यावर ज्यांचे वजन जास्त घटले ते नमुनेही बाजूला काढा.

आता स्ट्रॉन्शियमच्या 87 आणि 86 या दोन समस्थानिकांचे गुणोत्तर मांडा. दख्खनच्या लाव्हाच्या थरगटांपैकी आंबेनळी थरांत ते 0.704 च्या आसपास दिसेल, बुशे थरांत 0.713 च्याही वर. जुन्या कवचात हे गुणोत्तर जास्त असते. बुशेचा लाव्हा वर येताना जुन्या कवचाचा अंश घेऊन आला, हे तुमच्याच पडद्यावर उमटते!

लिहिताना केवळ जिओरॉकचे नाव देऊन भागत नाही. ज्यांनी तो दगड फोडून तपासला, त्यांच्या मूळ निबंधाचाही उल्लेख करा. प्रत्येक ओळीत त्याचा संदर्भ क्रमांक असतो.

स्वतःची विश्लेषणे 'अर्थकेम लायब्ररी' या ऑनलाइन माहितीसाठ्यात ठेवता येतात. तिथे संचाला कायमचा डीओआय (संदर्भासाठीचा ओळख क्रमांक) मिळतो. सोबत उपकरण, पद्धत आणि बीएचव्हीओ-2 सारख्या, ज्याची रासायनिक घटना आधीच ठाऊक आहे अशा प्रमाण नमुन्यावर तुम्हाला आलेले आकडे जरूर द्या. त्यांवरूनच दुसऱ्या प्रयोगशाळेला तुमची मोजणी पडताळता येते.