पूर ओसरल्यावर घाई नको: नदीकाठच्या जुन्या वास्तूंबाबत या चुका टाळा

जुन्या दगडी वास्तूत पुराचं पाणी शिरलं की सगळ्यांची धडपड एकच: लवकर उपसा, लवकर वाळवा, लवकर रंगवा. बरंचसं नुकसान या घाईतच होतं.

बाहेरची जमीन चिंब असताना पंप लावून तळघर एकदम कोरडं करू नका. एक मीटर खोल पाणी तळाशी चौरस मीटरला सुमारे एक टन दाब देतं. आतलं पाणी गेलं की बाहेरच्या जमिनीतल्या पाण्याचा सगळा दाब भिंतीवर येतो. भिंत आत ढकलली जाते, फरशी उचलली जाते. बाहेरची पातळी उतरेल तसं थोडं थोडं उपसा. तळघरात इंधनाच्या टाक्याही नकोत. ४ नोव्हेंबर १९६६ला आर्नो नदी इटलीतल्या फ्लोरेन्समध्ये घुसली, तेव्हा तळघरांतलं तेल पाण्यात मिसळून भिंतींत आणि संगमरवरात मुरलं.

सर्वांत महागात पडतं ते सिमेंट. जुनी भिंत चुन्यातली. चुना ओल शोषतो आणि हवेत सोडतो. वर सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आत कोंडून वर सरकते. काही महिन्यांनी गिलाव्याच्या वरच्या कडेला पांढरी पूड दिसते, बोट फिरवलं तर दगडाची साल सुटून हातात येते. हाच लोणा. दर्जा, म्हणजे दगडांमधले सांधे, सिमेंटनं भरल्या तर दर्जा शाबूत राहतात आणि झिजतो तो दगड, जो पुन्हा मिळत नाही. चुनाच वापरा, आणि जाड भिंतीला वाळायला कित्येक महिने द्या. हीटर लावून वाळवलं तर लाकूडकाम तडकतं.

रस्त्याकडची चूक साधी आहे: भिंतीलगत गतिरोधक. अवजड गाडी त्यावर आदळली की हादरा थेट वास्तूच्या पायात जातो. खड्डे आणि गटारांची सैल झाकणंही तितकीच वाईट. जुना थर न खरवडता डांबरावर डांबर घातलं तर जोतं बुडतं आणि रस्त्याचं पाणी दारात येतं.

भेग दिसली की लगेच बुजवू नका. तिच्यावर आडवी काचेची पट्टी चिकटवून तारीख लिहा. पट्टी तडकली, तर भेग वाढते आहे. पूर येऊन गेल्यावरच वाढत असेल, तर दोष ट्रकना देण्याआधी पाणबुड्याकडून पाया तपासून घ्या. प्रवाहानं खालची माती नेलेली असू शकते.