वंचित घरांतील किशोरवयीन मुलांना घोडेस्वारी आणि अश्वशर्यतीच्या क्षेत्रात कसे आणावे

घोडेस्वारी हा पैसेवाल्यांचा खेळ आहे, हा समज निराधार नाही. घोड्याचा खुराक, नालबंद, पशुवैद्य आणि जागा यांचा खर्च मोठा असतो आणि बहुतेक ठिकाणी तो शिकणाऱ्याच्या शुल्कातूनच वसूल होतो. दुसरीकडे, शर्यतीच्या तबेल्यांना पहाटे उठून मन लावून काम करणाऱ्या माणसांची गरज कायम असते. ज्यांच्या घरात कोणी घोड्याला हातही लावलेला नाही, अशी मुले ही गरज उत्तम रीतीने भागवू शकतात. मात्र त्यांना तबेल्यापर्यंत नेणारे आणि तिथे टिकवून ठेवणारे कोणीतरी हवे असते. ही जबाबदारी घेऊ इच्छिणाऱ्या शिक्षकांसाठी आणि कार्यकर्त्यांसाठी हे लिहीत आहे.

प्रथम एखाद्या चांगल्या रायडिंग स्कूलशी बोलावे आणि एक दिवसाची मोफत सहल न मागता, निदान वर्षभर दर आठवड्याला ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी काही जागा मागाव्यात. एका दिवसाच्या सहलीने छायाचित्रे चांगली निघतात, पण मुलाच्या मनात ओढ निर्माण करून आपण दार बंद करतो, आणि अशा वागण्याचा अनुभव या मुलांना आधीच पुरेसा असतो. लंडनमधील ब्रिक्स्टन भागातल्या एबनी हॉर्स क्लबने शहरी वस्तीतील मुलांसाठी असेच सातत्याने काम केले आहे. तिथेच घोडेस्वारी शिकलेल्या खदिजा मेल्लाहने २०१९ साली, वयाच्या १८ व्या वर्षी, गुडवूड येथील मॅग्नोलिया कप ही धर्मादाय शर्यत जिंकली. शर्यतीच्या घोड्यावर ती काही महिन्यांपूर्वीच प्रथम बसली होती, हे खरे. पण त्यामागे क्लबमध्ये घालवलेली वर्षे होती.

शिकवणी मोफत मिळाली म्हणजे अडचण संपली, असे समजू नये. मूल गळते ते बहुतेकदा बसभाड्यापायी, किंवा योग्य बूट नाहीत हे सांगण्याच्या संकोचापायी. म्हणून प्रवासाची व्यवस्था आपणच करावी आणि साहित्य तबेल्यातच सर्वांसाठी ठेवावे, म्हणजे कोणालाही ते मागावे लागणार नाही. बूट आणि जाड पँट वापरलेली चालते. बुटाला मात्र थोडी टाच हवी, कारण सपाट तळव्याचा बूट रिकिबीतून, म्हणजे पाय ठेवण्याच्या कडीतून, आरपार घसरतो आणि पडलेला स्वार घोड्यामागे फरफटत जाऊ शकतो. हेल्मेटच्या बाबतीत तडजोड नको. एकदा जोरात आपटलेले हेल्मेट बाहेरून धड दिसले, तरी आतून निकामी झालेले असू शकते. त्यामुळे इतिहास ठाऊक नसलेले, कोणी दान दिलेले हेल्मेट नम्रपणे नाकारावे. देणगीचा पहिला पैसा नव्या, प्रमाणित हेल्मेटवर खर्च करावा. धनुर्वाताची लस घेतलेली आहे ना, हेही याच वेळी पाहावे.

सुरुवातीचे काही आठवडे जमिनीवरचे काम शिकवावे, असे माझे ठाम मत आहे. घोड्याला आजूबाजूचे जवळजवळ सर्व दिसते, पण बरोबर पाठीमागचे आणि कपाळासमोरचे दिसत नाही, म्हणून त्याच्याजवळ खांद्याच्या बाजूने, हलकेच बोलत जावे लागते. खूर साफ करताना खांद्यापाशी शेपटीकडे तोंड करून उभे राहावे, हात पायावरून हळूहळू खाली न्यावा आणि घोड्याने पाय उचलला की टाचेकडून पुढे माती काढावी, मधल्या मऊ त्रिकोणी भागाला टोक लागू देऊ नये. साधारण ५०० किलोंचे जनावर आपल्या स्पर्शाने पाय उचलून हातात देते, तेव्हा शाळेत सतत बोलणी खाणाऱ्या मुलाचाही चेहरा बदलतो. खरारा करणे, लीद काढणे, वैरण-पाणी देणे ही कामे शिक्षणाचा भाग आहेत, पण त्यांचे तास ठरलेले असावेत. शिकवणीच्या बदल्यात मुलांकडून फुकट मजुरी करून घेणाऱ्या ठिकाणी त्यांना पाठवू नये. पालकांची लेखी संमती, विमा आणि प्रौढांची पार्श्वभूमी तपासणी आवश्यक आहे, आणि कोणत्याही प्रौढाने मुलासोबत एकांतात राहू नये, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळावा.

मूल खोगिरावर स्थिर झाले आणि त्याला वेगाची ओढ दिसली, की शर्यतीच्या तबेल्याची भेट घडवावी, तीही पहाटेच्या सरावाच्या वेळी, म्हणजे कामाचे खरे रूप दिसेल. शर्यतीची बैठक वेगळी असते: रिकिबी आखूड असतात आणि भार मांड्या-पोटऱ्यांवर येतो. यांत्रिक घोड्यावर ती आधी सुरक्षितपणे शिकता येते. ब्रिटनमध्ये न्यूमार्केटच्या ब्रिटिश रेसिंग स्कूलसारख्या संस्था निवासी प्रशिक्षण देतात. आपल्या आवाक्यात असे काय आहे आणि तिथे वयाची, शिक्षणाची अट काय आहे, याची चौकशी वर्षभर आधी करावी.

जॉकी बनवण्याचे आश्वासन कोणालाही देऊ नये. सपाट मैदानावरील शर्यतींत जॉकीला बहुधा ५० ते ६० किलोंच्या आसपास वजन राखावे लागते, आणि वाढत्या वयाचे मूल किती उंच होईल हे आपल्या हातात नाही. वजनासाठी मुलाला उपाशी राहू देणे हा सरळ अन्याय आहे; कोणी तसे सुचवले, तर तिथून मुलाला काढावे. सरावाचे स्वार, मोतद्दार (घोड्याची निगा राखणारे), नालबंद, पशुवैद्यकीय साहाय्यक, ट्रेनरचा मदतनीस ही सन्मानाची कामे आहेत आणि ती करणाऱ्या माणसांशी मुलांची गाठ घालून द्यावी. या क्षेत्राला पैजांचा विळखा आहे, हेही स्पष्ट सांगावे. परवानाधारक जॉकीला पैज लावण्यास मनाई असते आणि या मुलांनी त्यापासून पूर्ण दूर राहावे.

पहिली नोकरी मिळताना वेतन, सुट्टी, राहण्याची जागा आणि अपघात झाल्यास उपचाराचा खर्च या गोष्टी लेखी घ्याव्यात. घरापासून दूर, पहाटे सुरू होणाऱ्या कामात पहिले काही महिने फार एकटे जातात. त्या काळात दर आठवड्याला फोन करणारी एक व्यक्ती नेमावी आणि नोकरी सोडावीशी वाटली तरी रायडिंग स्कूलमधली जागा त्याच्यासाठी खुली आहे, हे मुलाला निघण्यापूर्वीच सांगून ठेवावे.