पहिली वाकळ शिवायला बसण्याआधी

पहिलीच वाकळ (जुन्या पातळांची गोधडी) पलंगभर करायची हौस असते, ती आधी आवरा. दीड मीटर रुंद आणि २.१ मीटर लांब वाकळ घेतली आणि ओळींमध्ये अडीच सेंटीमीटर अंतर धरलं, तर १२६ मीटर धावदोरा घालावा लागतो, तोही चार पदरांतून, म्हणजे कापडाच्या चार थरांतून. अर्धवट शिवून माळ्यावर गेलेल्या वाकळा बहुतेक अशा हौसेच्याच असतात. त्यापेक्षा लहान मुलाच्या मापाची, १ बाय १.२ मीटरची घ्या. तिला ४८ मीटर पुरतात. शिवाय सहावारी पातळाचा पन्हा साधारण ११५ सेंटीमीटर असतो, म्हणजे मधे जोड द्यावा लागत नाही. साडेपाच मीटर लांबीतून १.३ मीटरचे चार तुकडे निघतात, कडा आत दुमडायला जागाही राहते. एका जुनेरात अख्खी वाकळ.

जुनेर मात्र सुतीच हवं. कपाटात अंगाला मऊ लागणारं सगळंच सुती नसतं, त्यामुळे कडेचा एक धागा ओढून काडीनं पेटवा. सुताला जळक्या कागदाचा वास येतो आणि बोटानं चुरडली जाणारी राख उरते. वितळून कडक मणी झाला तर त्यात पॉलिस्टर आहे, ते बाजूला ठेवा. ते पदरांमध्ये घसरत राहतं आणि रात्री घामानं चिकटतं. घरात सुती पातळं उरलीच नसतील (हल्ली बऱ्याच घरांत नसतात) तर कोल्हापूरजवळच्या गांधीनगरच्या कापड बाजारातून मांजरपाट (साधं, कोरं सुती कापड) आणा. पण नवं कापड धुतल्याशिवाय वाकळेत घालायचं नाही. ते पहिल्या धुण्यात आटतं, जुनेर आटत नाही, आणि मग सगळ्या वाकळेवर चुण्या पडतात.

फॉल उसवायला बरेच जण विसरतात. तो तसाच राहिला तर एका बाजूला पट्टी जाड होते आणि सुई तिथं अडते. खळ दिलेलं पातळ असेल तर कोमट पाण्यात भिजवून खळ पूर्ण काढा. खळीचं कापड सुईला अडतं आणि कसरीला आमंत्रण देतं. मग रंगाची परीक्षा. ओल्या पांढऱ्या फडक्यानं पातळाचा कोपरा, विशेषतः काठ, जोरात घासा. फडकं लाल झालं तर शेजारच्या काकू मीठ घालून भिजवा म्हणतील. मिठाचा उपयोग रंगाऱ्याकडे, कापड रंगवताना. रंगून झालेल्या कापडाचा सुटणारा रंग घरच्या मिठानं पक्का होत नाही. पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवायचं, नाहीतर तो काठ वापरायचाच नाही. इरकलीच्या काठाचा मोह होतो हे खरं, पण रेशमी काठ आणि सुती अंग वेगवेगळं आटतं. पहिल्या वाकळेला तो नको.

तुकडे करताना कात्री फक्त सुरुवातीला चीर द्यायला घ्या, पुढे हातानं फाडा. सुती कापड आडव्या धाग्यावर सरळ फाटतं, कात्री नवशिक्याच्या हातात वाकडी जाते. मग प्रत्येक तुकडा उजेडासमोर धरून बघा. जिथं विरलाय तो तुकडा मधल्या पदरात घाला, धडके दोन वर आणि खाली.

आता अंथरणं. वाकळ बिघडते ती बहुतेक वेळा इथंच, आणि कळतं मात्र अर्धी शिवून झाल्यावर. आपल्याकडची पद्धत कडेनं सुरू करून फेऱ्या घालत आत जायची. त्यामुळे कुठल्याही पदरातला ढिलेपणा प्रत्येक फेरीबरोबर आत सरकतो आणि मधोमध फुगा धरून बसतो. तिथून त्याला बाहेर काढता येत नाही. म्हणून फरशी पुसून, वाळवून खालचा पदर पसरा. पलंगावर नाही, गादी खाली दबते. तळव्यानं मधून कडेकडे सारखा करा, पण ओढू नका. ताणलेलं कापड हात काढताच मागे येतं. कोपऱ्यांवर वजनं ठेवा आणि असेच चारही पदर घाला. मग मधून चार दिशांना कच्चे टाके: वेगळ्या रंगाचा दोरा, आठ-दहा सेंटीमीटरचा टाका, दोन ओळींत वीतभर अंतर. कडा आत दुमडून त्याही कच्च्या टाका. आणि मग वाकळ उलटी करून पाठ बघा. वरून सगळं छान दिसतं आणि सुरकुती खालच्या पदरात लपलेली असते. सापडली तर तेवढे टाके उसवा. अजून काहीच बिघडलेलं नाही.

सामान थोडंच. जाड सुती दोरा, दुहेरी घ्यायचा असेल तर लहान वाकळेला सव्वाशे मीटर. ओढून घ्यायला मेणाचा तुकडा, अंगुस्तान, आणि लांब, मोठ्या नेढ्याची सुई. दाभण नको, ते पोत्यासाठी असतं, जुनेराला भोकं पाडतं. नायलॉनचा दोराही नको. ओवताना दोरा हातभरच घ्या, लांब घेतला की गुंततो. गाठ पदरांच्या मधे लपवा.

उरलेल्या पट्टीचे चार पदर करून एक मीटर ओळ शिवून बघा. टाका घट्ट ओढला तर पट्टी आखडते, सैल सोडला तर लूप राहतात आणि पोराच्या पायाची बोटं त्यात अडकतात. हात बसला की आणखी एक मीटर घड्याळ लावून शिवा आणि त्या वेळेला ४८ नं गुणा. पहिलं धुणं कडक उन्हातच व्हायला हवं. कोल्हापूरच्या पावसात चार पदर वाळत नाहीत, कुबट वास धरतात. तेव्हा साधारण ७ जूनच्या मृगापासून मागं मोजा, त्यात लग्नसराई आणि पाहुण्यांचे दिवस वजा करा, आणि पातळ कधी फाडायचं ते ठरवा.