बँकेला कागद मेल करण्याआधी

गृहकर्जासाठी करारनामा, इंडेक्स टू (दस्तनोंदणीचा गोषवारा), मिळकतकराची पावती, सोसायटीची एनओसी, सगळं ‘मेल करून टाका’ असं बँकवाले सहज सांगतात. पण फाइली जड झाल्या की मेल अडतो, म्हणून त्या लहान ठेवायच्या. आधी सगळे कागद क्रमाने लावा आणि त्यातलं मुळातच पीडीएफ असलेलं काय ते बाजूला काढा. कर ऑनलाइन भरला असेल तर पावतीची डाउनलोड केलेली फाइलच जोडायची. तिची प्रिंट काढून ती पुन्हा स्कॅन करणं म्हणजे अक्षरांचं चित्र करणं, आणि फाइलचं वजन वाढतं ते तिथेच.

उरलेले कागद अप्पा बळवंत चौकात झेरॉक्सवाल्याकडे स्कॅन करणार असाल, तर पेनड्राइव्ह देतानाच ‘१५० डीपीआय (इंचामागे १५० ठिपके), ग्रे (बिनरंगी)’ म्हणून सांगा. नाहीतर गर्दीच्या वेळी मशीनवर आधीचं जे सेटिंग असेल त्यावरच सगळा गठ्ठा निघतो. ३०० डीपीआयला ए-फोर पानाचे सुमारे ८७ लाख पिक्सेल होतात, १५० ला २२ लाखांच्या आसपास. मजकूर, सही, शिक्का तरीही नीट वाचता येतो. रंगीत फक्त फोटो-अंगठ्याचं पान ठेवा. मोबाइलवर काढत असाल तर साधा फोटो नको, स्कॅनचं ॲप वापरा आणि टेबलाची कड कापून टाका.

वर्डच्या फाइलमध्ये फोटो असतील तर ‘कॉम्प्रेस पिक्चर्स’ करताना कापलेला भाग काढून टाकायच्या पर्यायावर खूण हवी, नाहीतर तो भाग दिसत नाही पण फाइलमध्ये राहतो. झिपच्या नादी लागू नका. स्कॅनमधली चित्रं आधीच दाबलेली असतात, फार तर चिमूटभर फरक पडतो.

डिजिटल सहीचा सातबारा असेल तर त्याला हातच लावायचा नाही. फाइल लहान केली की सहीची पडताळणी होत नाही, आणि मग कागद असून नसल्यासारखा. आधार-पॅनची फाइल लहान करायला ती कुठल्याही फुकट वेबसाइटवर चढवू नका. ते काम स्वतःच्या कॉम्प्युटरवरच करा.

जीमेल २५ एमबीपर्यंत जोडू देतं, त्यापुढे ड्राइव्हची लिंक टाकतं. ती बँकेतल्या कॉम्प्युटरवर उघडेलच असं नाही. शिवाय मेलमध्ये जाताना फाइल साधारण एक तृतीयांशाने फुगते. म्हणून एका मेलमध्ये १० एमबीच्या आत राहा, जास्त असेल तर ‘भाग १’, ‘भाग २’ करा. पाठवण्याआधी करारनाम्याची परिशिष्टं मोठी करून बघा. चटईक्षेत्राचे आकडे सगळ्यात बारीक टाइपात तिथेच असतात.