इस्रायली-अमेरिकन टीममध्ये काम करताना या चुका टाळा

इंटेलने १९७४ साली इस्रायलमधल्या हैफामध्ये अमेरिकेबाहेरचं आपलं पहिलं डिझाइन सेंटर सुरू केलं. पुढे गूगलने २०१३ मध्ये वेझ ही रस्ता दाखवणाऱ्या ॲपची इस्रायली कंपनी घेतली, एनव्हिडियाने २०२० मध्ये मेलानॉक्स ही तिथलीच चिप कंपनी घेतली. म्हणजे अमेरिकन कंपन्या आणि इस्रायली इंजिनियर यांची ओळख जुनी आहे, तरीही तीच ती भांडणं प्रत्येक टीममध्ये नव्याने होतात. विलीनीकरणाची कागदपत्रं काही महिन्यांत उरकतात, माणसं जुळायला वर्षं लागतात.

मी अशाच एका टीमचं प्रोग्राम मॅनेजमेंट बघते: डेव्हलपमेंट तेल अवीवजवळ, प्रॉडक्ट आणि मॅनेजमेंट अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, टेस्टिंग पुण्यात. भांडण झालं की दोन्हीकडचे लोक एकमेकांच्या स्वभावावर बोट ठेवतात. माझा अनुभव असा की स्वभावाला हात न लावता कामाच्या चार सवयी बदलल्या, तरी बहुतेक गाठी सुटतात.

वाद म्हणजे अपमान, असं धरून चालणं

डिझाइन रिव्ह्यूचा एक कॉल डोळ्यांसमोर आणा. बोस्टनहून एक जण सादरीकरण करतोय. दुसऱ्याच स्लाइडवर इस्रायलमधून आवाज येतो, "थांब. लोड वाढला की हे कोसळणार. का, ते सांगतो." तो बोलत असतानाच तिथलेच आणखी दोघं मध्ये पडतात, तेही एकमेकांना खोडून काढत. बोस्टनचा माणूस उरलेल्या स्लाइड्स भराभर पुढे सरकवतो, "थँक्स, ग्रेट इनपुट" म्हणून कॉल संपवतो आणि संध्याकाळी मॅनेजरला मेल लिहितो की सगळ्यांसमोर आपली अब्रू काढली गेली. तिकडे इस्रायलमध्ये सगळे खूश असतात. अर्धा तास वाद घातला म्हणजे डिझाइन मनापासून वाचलं, एवढाच त्यांचा हिशेब. कोणी काहीच बोललं नसतं तर तो खरा अनादर ठरला असता.

यामागे कारणं आहेत. इस्रायलमध्ये बहुतेक ज्यू तरुण-तरुणी अठराव्या वर्षी सैन्यात जातात. तिथल्या हवाई दलात उड्डाणानंतर काय चुकलं याची चिरफाड करताना हुद्दा बाजूला ठेवायची परंपरा आहे. तालमूद या ज्यू धर्मग्रंथाचा अभ्यासही जोडीजोडीने, समोरच्याचं म्हणणं खोडून काढतच होत आला आहे. पंतप्रधान बेन्यामिन नेतान्याहू यांना देश सर्रास 'बिबी' म्हणतो. अशा वातावरणात वाढलेल्या माणसाला मॅनेजरचं म्हणणं तोंडावर खोडून काढणं वावगं वाटत नाही.

यावर सगळ्यात उपयोगी पडलेला उपाय साधा आहे. रिव्ह्यूच्या आदल्या दिवशी डॉक्युमेंट सगळ्यांकडे पाठवायचं आणि प्रत्येक शेऱ्याला तीनपैकी एक खूण करायची: अडथळा, सूचना किंवा प्रश्न. "हे मूर्खपणाचं आहे" असं लिहिणाऱ्याला खूण निवडताना कळतं की आपली ही फक्त सूचना आहे. वाचणाऱ्यालाही कळतं की दहा शेऱ्यांतले दोनच खरे अडथळे आहेत. कॉलवर कोणी मध्ये तोडलं तर अमेरिकन सहकाऱ्याने गप्प बसू नये. "हा अडथळा आहे का? नसेल तर मी आधी पूर्ण करतो," असं सरळ म्हणावं. इस्रायली माणूस हे अजिबात मनाला लावून घेत नाही, उलट त्याला बरं वाटतं.

अर्थात सगळे एका साच्यातले नसतात. न्यू यॉर्कर आणि मिनेसोटाचा माणूस यांच्या बोलण्यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. इस्रायलच्या टीममध्येही रशियातून आलेले, अरब नागरिक, कोकणातून गेलेल्या बेने इस्रायल कुटुंबांतली मुलं, असे सगळे भेटतात.

गोड शब्दांत गुंडाळलेला नकार

ही चूक अमेरिकन मॅनेजरची. वार्षिक मूल्यमापनात आधी दोन कौतुकं, मग "डॉक्युमेंटेशनकडे अजून थोडं लक्ष देता आलं तर छान होईल", शेवटी पुन्हा एक कौतुक. अमेरिकन कर्मचाऱ्याला मधलं वाक्य बरोबर टोचतं. इस्रायली कर्मचारी तीन कौतुकं घेऊन बाहेर पडतो आणि काही महिन्यांनी हातात सुधारणेची लेखी नोटीस आली की हादरतो. त्याला वाटतं, आपल्याला फसवलं. म्हणून गंभीर बाब असेल तर तीन गोष्टी लिहूनच द्या: काय बदलायला हवं, कधीपर्यंत आणि नाही बदललं तर काय होईल.

कायद्याची बाजू इथेच जोडून येते. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत मालक कारण न देताही नोकरी संपवू शकतो. इस्रायलमध्ये कामावरून काढण्याआधी कर्मचाऱ्याला सुनावणी द्यावी लागते, तिला तिथे 'शिमुआ' म्हणतात. आधी निर्णय घेऊन मग नावापुरती सुनावणी उरकली तर कामगार न्यायालय ती मान्य करत नाही. अमेरिकेत बसून इस्रायली टीम चालवणाऱ्याने तिथल्या वकिलाला विचारल्याशिवाय असं पत्र कधीही पाठवू नये.

निर्णय झाला की नाही, यावर एकमत नसणं

माझ्या मते सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. मीटिंग संपली, सगळ्यांनी मान डोलावली, म्हणजे अमेरिकन माणसाच्या लेखी विषय मिटला. इस्रायली सहकाऱ्याच्या लेखी निर्णय आजच्या माहितीवर झालेला असतो. उद्या नवी माहिती आली तर तो उघडायलाच हवा. मग दोन आठवड्यांनी तिकडून वेगळंच काहीतरी बनून येतं आणि इकडचे म्हणतात, "शब्द फिरवला."

दोन्ही पद्धतींत ताकद आहे आणि त्याचा उत्तम दाखला इंटेलमध्येच आहे. प्रोसेसर गिगाहर्ट्झच्या आकड्यावर विकले जायचे, त्या काळात हैफाच्या टीमने कमी वेगाचा पण कमी वीज खाणारा, खास लॅपटॉपसाठीचा प्रोसेसर लावून धरला. २००३ मध्ये तो पेंटियम एम म्हणून बाजारात आला आणि लॅपटॉप हलके व्हायला, बॅटरी जास्त टिकायला त्याने मोठा हातभार लावला. दुसरीकडे इंटेलचे एकेकाळचे प्रमुख अँडी ग्रोव्ह यांच्या काळापासून त्याच कंपनीत एक शिस्त होती: निर्णयाआधी कडाडून भांडा, निर्णय झाल्यावर पटलेला नसला तरी तो तडीस न्या.

यासाठी निर्णयांची नोंदवही ठेवा. निर्णय काय, कोणी घेतला, कोणत्या तारखेला आणि कोणती माहिती आल्यास तो पुन्हा उघडेल. शेवटचा रकाना कधीच रिकामा सोडू नका. त्यामुळे इस्रायली सहकाऱ्याला दार पूर्ण बंद झालेलं वाटत नाही आणि अमेरिकन सहकाऱ्याला ते रोज उघडेल अशी धास्ती राहत नाही.

कॅलेंडर गृहीत धरणं

इस्रायलचा कामाचा आठवडा रविवार ते गुरुवार. शुक्रवारी सूर्यास्ताला शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा आठवड्याचा विश्रांतीचा दिवस सुरू होतो. म्हणजे दोघांचे सामाईक दिवस चारच, सोमवार ते गुरुवार. न्यू यॉर्कशी एरवी सात तासांचं अंतर असतं, पण दोन्हीकडची घड्याळं एकाच दिवशी बदलत नाहीत, त्यामुळे मार्चमध्ये आणि ऑक्टोबरअखेर काही काळ ते सहा तासांवर येतं. त्या दिवसांत कॉल हमखास चुकतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये रोश हशाना, योम किप्पूर, सुकोत पाठोपाठ येतात आणि "सणांनंतर बघू" हे तिथलं ठरलेलं उत्तर असतं. रिलीजची तारीख त्या दिवसांत ठेवू नका.

हुतात्मा सैनिकांच्या स्मृतिदिनाच्या आदल्या रात्री आठ वाजता देशभर एक मिनिट भोंगा वाजतो. तेव्हा न्यू यॉर्कमध्ये दुपारचा एक वाजलेला असतो, म्हणजे कॉलची नेहमीची वेळ. त्या संध्याकाळी मीटिंग नकोच. ऑक्टोबर २०२३ मध्ये युद्ध सुरू झाल्यावर लाखो लोकांना सैन्याच्या राखीव सेवेत बोलावलं गेलं. असा सहकारी गेला की "कधी येशील?" विचारू नका, त्याचं उत्तर त्याच्याकडेही नसतं. त्याचं काम लगेच दुसऱ्याच्या नावावर करा.

घरभाडं किती, पगार किती, मुलं कधी, हे प्रश्न इस्रायली माणूस आपुलकीने विचारतो. अमेरिकन ऑफिसमध्ये ते ओलांडू नये अशी रेषा ओलांडतात. नव्याने आलेल्याला हे पहिल्याच आठवड्यात सांगून टाका.

मधल्या माणसाची चूक

पुण्यातून किंवा न्यू जर्सीतून दोघांच्या मध्ये काम करणाऱ्या मराठी मंडळींसाठी हे मुद्दाम लिहिते. आपल्याला कटू बोलणं पुढे न्यायला जड जातं. मग "हे लोडखाली कोसळणार" या इस्रायली वाक्याचं अमेरिकेला जाताना "परफॉर्मन्सबद्दल काही शंका आहेत" असं होतं, आणि कोणी ते गांभीर्याने घेत नाही. मूळ वाक्य जसंच्या तसं पाठवा. त्याखाली वेगळ्या ओळीत स्वतःचं मत लिहा: हा अडथळा आहे, सूर कडक असला तरी राग नाही, उत्तर बुधवारपर्यंत हवं.